शंभरात चार

"मावशी गेली."

रविवारी दुपारी जेवता जेवता माझे दीर एवढंच म्हणाले आणि त्यांनी ताटातली काकडीची फोड उचलली.

सासूबाईंच्या हातातला पेला हवेतच राहिला. त्यांना एकच धाकटी बहीण. माझ्या नवऱ्याने खुर्ची मागे सरकवली. "कधी? कोणी कळवलं?"

"आत्ताच. जेवायला बसायच्या आधी. गुहेत."

"गुहेत?"

"वटवाघळाने मारलं. खरं तर शहाण्णव टक्के वाचायलाच हवी होती. उरलेल्या चारात सापडली."

सासूबाईंनी पेला खाली ठेवला. "मेल्या," त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या डबीतली मावशी होय! माझा जीव गेला असता आत्ता." असं म्हणूनही त्या अर्ध्या जेवणावरून उठल्या आणि त्यांनी बहिणीला फोन लावला. बहीण गच्चीवर कपडे वाळत घालत होती. फोन कशाला केला हे काही सांगता येईना, म्हणून दोघी पाऊण तास बोलल्या.

माझे दीर, म्हणजे भाऊजी, चष्म्याच्या दुकानात काचा बसवतात. एकवीस वर्षं एकच दुकान, एकच स्टूल. पुढच्या खोलीत डोळे तपासणाऱ्या बाई कागदावर नंबर लिहून देतात आणि मागच्या खोलीत भाऊजी गोल काच यंत्रात धरून फ्रेमच्या आकाराची कापतात, कडा घासतात, आणि काचेचा मध्य माणसाच्या बुबुळासमोर येईल अशी ती बेतून बसवतात. मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं की माणसाचं डोकं दुखतं, आणि दुखतं कशाने हे त्याला कधीच कळत नाही. हे सगळं मला भाऊजींनीच सांगितलं. वय त्रेचाळीस. लग्न जमलं नाही की केलं नाही, हे विचारणं आम्ही कधीच सोडून दिलं. आमच्या घरातली मागची खोली त्यांची, आणि दिवाणखान्यातली खिडकीजवळची खुर्चीही त्यांचीच.

संध्याकाळी सातला घरी येतात, हातपाय धुतात, चहा घेतात आणि त्या खुर्चीत बसून डबी उघडतात. डबी म्हणजे बिजागरीवर उघडणारं, दोन्ही हातांत मावणारं खेळाचं जुनं यंत्र. त्याची एक बिजागरी मागे निखळली होती, तिला आता चष्म्याच्या काडीचा स्क्रू आहे.

रानात हिंडून तऱ्हेतऱ्हेचे प्राणी पकडायचे, त्यांना पायरीपायरीने वाढवायचं आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी त्यांची झुंज लावायची, असा तो एके काळी जगभर गाजलेला खेळ. माझी लेक म्हणते, हा आठ वर्षांच्या मुलांचा खेळ आहे. भाऊजीही तेच म्हणतात. मात्र ते खेळतात तो मूळ खेळ नव्हेच. जगात काही हौशी माणसं आहेत. ती हा जुना खेळ उसवतात आणि पुन्हा शिवतात, पण शिवताना इतका घट्ट शिवतात की घालणाऱ्याला श्वास घेता येऊ नये. भाऊजी ज्याच्या मागे चौदा महिने लागले होते तो खेळ 'घुबड' असं टोपणनाव लावणाऱ्या कोणा बेकरीवाल्याने बनवला होता. पाव भट्टीत गेले की मिळणाऱ्या चाळीस-चाळीस मिनिटांत, सहा वर्षं खपून. मूळ खेळातली माणसं म्हणे बावळट असतात, विस्तवासमोर वाळलेलं गवत उभं करतात. घुबडाच्या खेळात रस्त्याकडेला फुलं विकणारी म्हातारीसुद्धा तुमच्या दुखऱ्या जागेवर नेमकं बोट ठेवते. आणि झुंज चालू असताना औषध द्यायची सोय नाही.

एवढ्यावर ही मंडळी थांबत नाहीत. वर स्वतःचे नियम घालून घेतात, जे यंत्राला माहीतसुद्धा नसतात. एका गावात जो प्राणी पहिला भेटेल तोच पकडायचा, आवडो न आवडो. झुंजीत जो पडला तो मेला. यंत्र त्याला उठवून द्यायला तयार असतं, पण आपण उठवायचं नाही, शेवटच्या पेटीत नेऊन ठेवायचं. आणि प्रत्येकाला नाव द्यायचं, तेही आपल्या जिव्हाळ्याच्या माणसाचं.

"नाव कशाला?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं.

"नाहीतर मेल्याचं वाईट वाटत नाही ना, वहिनी."

"वाईट वाटून घ्यायला खेळायचं?"

"नाही हो. जपून खेळायला."

तेव्हापासून आमचं सगळं घर त्या डबीत. मी म्हणजे एक वेल. पानांतून भुकटी उडवायची आणि समोरच्याला झोपवायचं, हे माझं काम. ("झोपवण्यात वहिनींचा हात धरणारं कोणी नाही," असं भाऊजी पाहुण्यांसमोर म्हणाले होते. पाहुण्यांनी माझ्याकडे कसं पाहिलं ते मी विसरलेली नाही.) माझा नवरा, म्हणजे 'दादा', हा एक मोठा गंभीर मासा. 'ताई', माझी नणंद, हा पक्षी. येते, दोन टोची मारते, उडून जाते. "माहेरी येते तशीच," सासूबाई म्हणाल्या. माझी लेक 'चिंगी' तोंडातून जाळ काढते, त्यावर घरात कोणाचाच आक्षेप नव्हता. दुकानाच्या मालकांना भाऊजींनी साप केलं होतं, विषारी. त्यांच्या मते हा फार मोठा मान होता, कारण घुबडाच्या खेळात विषाशिवाय पुढे जाताच येत नाही.

आणि 'आई'. पहिल्याच गावाबाहेर, चिखलात भेटलेली. पाठीवर दगड वाढलेलं, बैठं, जाड कातडीचं जनावर. चालीला सगळ्यांत हळू आणि मार खायला सगळ्यांत पुढे. चौदा महिन्यांत बत्तीस जण शेवटच्या पेटीत गेले होते. मावशी, काका, दोन मामा, जुन्या शेजारीणबाई, भाऊजींचे शाळेतले चित्रकलेचे सर. 'आई' मात्र होती.

सासूबाईंनी ते जनावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा "काय हे ध्यान!" म्हणून तोंड फिरवलं होतं. पण पुढे रोज संध्याकाळी चहाच्या वेळी विचारायला लागल्या.

"मी आहे ना रे?"

"आहेस."

"कितव्या पायरीवर?"

"एकसष्टाव्या."

"बघ, बारा वर्षांनी लहान दिसते," असं मला म्हणून त्या आपल्या खोलीकडे जायच्या, उजव्या पायावर जरा कमी भार टाकत.

त्या उजव्या पायाचंच सगळं झालं. खुब्याचा सांधा पार झिजला होता, तो बदलायला हवा होता. डॉक्टरीणबाई तरुण आणि रोखठोक होत्या. म्हणाल्या, "वय त्र्याहत्तर आहे, हृदय थोडं दमलेलं आहे. घाबरण्यासारखं नाही, पण सांगणं माझं काम. अशा शंभरातल्या चार जणांना मोठा त्रास होऊ शकतो. जिवावरचाही."

"म्हणजे शहाण्णव जण चालत घरी जातात," सासूबाई म्हणाल्या. "मला त्यांच्यात घाला."

डॉक्टरीणबाई हसल्या, माझा नवरा हसला, मीही हसले. सोमवारची तारीख ठरली. भाऊजी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिले. परत येताना गाडीत मी म्हटलं, "भाऊजी, शहाण्णव म्हणजे पुष्कळ झाले हो."

ते काचेबाहेर बघत हळूच म्हणाले, "वहिनी, शंभरात चार म्हणजे काय, हे ह्या गाडीत फक्त मला माहीत आहे. मावशी शंभरात चारानेच गेली. शेजारीणबाईही. चित्रकलेचे सर तर दोनदा वाचून तिसऱ्यांदा गेले."

पुढच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "काय कुजबुजताय?"

"काही नाही. पाऊण लिटर दूध घ्यायचंय," मी म्हटलं. तोंडाला येईल ते.

नेमक्या त्याच आठवड्यात खेळ शेवटच्या झुंजीवर येऊन ठेपला. घुबडाने ठेवलेला शेवटचा गडी, त्याचे सहा प्राणी, आपले सहा. सगळे नियम पाळून हा खेळ पुरा केलेली माणसं तोवर जगात अकरा होती. बारावं नाव आपलं असावं असं भाऊजींच्या फार मनात होतं. असं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या अकरा जणांची टोपणनावं त्यांना पाठ होती. भांडी पुसताना ती त्यांच्या तोंडात असायची. झुंजीआधी ते चौकटींच्या वहीत आखणी करतात. समोरचा प्रत्येक प्राणी एका ओळीत, त्याच्यापुढे आपला कोण पाठवायचा, आणि शेवटी वाचण्याची टक्केवारी.

मी खोली झाडायला गेले तर वही उघडी होती. पहिली ओळ स्वच्छ, दुसरी स्वच्छ. तिसरी चार वेळा खोडलेली.

"इथे काय अडलंय?"

भाऊजींनी सांगितलं ते असं. तिसरा प्राणी म्हणजे एक लोखंडी गेंडा. त्याची पहिली धडक बसली की समोरचा मरतोच, पण धडक मारून गेंड्याला एक डाव धाप लागते, आणि तेवढ्यात 'ताई' त्याला संपवू शकते. तेव्हा कोणीतरी एकाने पुढे जाऊन ती धडक अंगावर घ्यायची. दादा चौथ्यासाठी लागतो, मी पाचव्यासाठी, साप आणि चिंगी पुढे लागतील तसे. 'आई' सुरुवातीलाच समोरच्याच्या अंगणात टोकदार दगड पसरून ठेवते. तिसऱ्या ओळीपर्यंत तिचं काम झालेलं असतं.

"मग?"

"मग काय. तिनेच जायचं. वही तेच सांगते."

मी केरसुणी भिंतीला टेकवली.

"शकुन-अपशकुन मी मानत नाही, वहिनी."

"माहीत आहे."

"पण सोमवारी तिचं ऑपरेशन, आणि त्याआधी मी तिला स्वतःच्या अंगठ्याने..."

"मग मला पाठवा."

"तुम्ही पाचव्या ओळीत लागता," ते कळवळून म्हणाले.

डबी खणात गेली. भाऊजींच्या हातांना संध्याकाळी काम उरलं नाही. मग त्यांनी घरातले सगळे चष्मे काढून त्यांचे स्क्रू घट्ट करायला घेतले. चार दिवसांत माझे स्क्रू तीनदा घट्ट झाले, काड्या कानांना चावायला लागल्या. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "मी आहे ना रे?" दोन्ही वेळा "आहेस" आलं, पण पायरी काही आली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी दुकानाचे मालक घरी आले. सहसा येत नाहीत. भाऊजी अजून पोचले नव्हते. मालक खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

"तक्रार करायला नाही आलो हं," ते म्हणाले. "संगीत शिकवणाऱ्या एक बाई आहेत, आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांना नवा चष्मा दिला. उजवी काच डावीकडे आणि डावी उजवीकडे. दोन दिवस त्यांना जमीन चढावर दिसत होती. भिंतीला धरून चालल्या बिचाऱ्या. आणि आमच्या दुकानावर त्यांचा भरवसा असा, की दोन दिवस त्यांना वाटलं आपले डोळेच गेले. एकवीस वर्षांत पहिल्यांदा झालं हो. म्हणून म्हटलं, घरी सगळं बरं आहे ना?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे मायेने पाहिलं. "तुम्ही आलात, फार बरं वाटलं. तुमच्याविषयी नेहमी ऐकते मी. विषारी, पण फार उपयोगी."

मालकांचं बिस्किट चहात पडलं. मी घाईघाईने दुसरं पुढे केलं आणि हवापाण्याचं काहीतरी बोलत राहिले.

ते गेल्यावर सासूबाई माझ्याकडे वळल्या. "काय बिनसलंय त्याचं? खरं सांग, सांभाळून घेऊ नकोस."

मी सांगितलं. गेंडा, धडक, तिसरी ओळ, सगळं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मला मारायचं की नाही, ह्यावर घोडं अडलंय?"

"तसंच म्हणायचं."

भाऊजी दारात चपला काढतच होते.

"आण ती डबी."

"आई, राहू दे ना."

"आण म्हटलं. लोकांना वाकड्या जमिनीवरून चालवतोस ते चालतं, आणि मला मारायला हात कापतात?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी कपबशा उचलायला लागले.

"त्यात मी मेले की परत येत नाही?"

"नाही."

"आणि आत्ता मी कुठे आहे?"

"खुर्चीत."

"मग? मी काय तुझ्या डबीत राहते?"

"तसं नाही गं..."

"कसंही असो. रविवारी सहाला मला दवाखान्यात दाखल व्हायचंय. तीनला बसू. मारायचं तर समोर बसवून मार, माझ्या पाठीमागे नको." एवढं बोलून त्या थांबल्या, आणि काहीतरी आठवून म्हणाल्या, "आणि काय रे, ह्या सगळ्यात तू कुठे आहेस? तुझं जनावर मी कधी पाहिलं नाही."

"मी नसतो. मी खेळवतो."

"वा! सगळ्या खानदानाला पुढे घालून हा मागे सुखरूप!"

शनिवारी भाऊजींनी संगीतवाल्या बाईंच्या काचांची अदलाबदल करून, स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिल्या आणि त्यांना अंगणात तीन फेऱ्या मारायला लावल्या. जमीन सपाट आहे याची खात्री करूनच परत आले.

रविवारी तीनला आम्ही सगळे खिडकीपाशी. दाराजवळ सासूबाईंची पिशवी भरून तयार: दोन गाऊन, गोळ्यांची डबी, तपासण्यांचे कागद, घरची उशी. सासूबाई उंच खुर्चीत, चष्मा लावून. भाऊजी त्यांच्या शेजारी स्टुलावर, मांडीवर वही. नवरा आणि लेक मागून वाकून बघत होते. मला पडदा नीट दिसत नव्हता, पण भाऊजींचा अंगठा दिसत होता, ते पुरे होतं.

सुरुवात छान झाली. 'आई'ने दगड पसरले. "अशीच पसरते मी वाळवण," सासूबाई म्हणाल्या. साप आणि चिंगी मिळून पहिले दोन घेऊन गेले. मग गेंडा आला.

"मी ना आता?" सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"जाते मी. दाब."

अंगठा त्या नावावर गेला. तिथे थांबला. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग अंगठा दोन घरं खाली सरकला, आणि मी गेले. एका धडकेत. आपलं नाव असं पडद्यावरून पुसलं जाताना बघणं गमतीचं असतं असं मला वाटलं होतं. तेवढं काही नसतं.

"ही कशाला गेली?" सासूबाई म्हणाल्या. "वहीत काय लिहिलंय?"

"बघू, जमेल."

जमलं नाही. गेंड्याला 'ताई'ने संपवलं, चौथा माशाने कसाबसा घालवला. पण पाचव्याला झोपवायला मी हवी होते आणि मी नव्हते. त्या जागत्या पाचव्याने आधी मालकांना नेलं, मग चिंगीला. "काका!" माझी लेक ओरडली. मग दादा गेला, माझा नवरा नुसतं "हं" म्हणाला. 'ताई'ने कसंतरी त्या पाचव्याला लोळवलं, सहाव्यावर झेपावली, दोन टोची मारल्या आणि पडली.

सहावा म्हणजे एक काळं घुबड. बनवणाऱ्याने स्वतःलाच शेवटी बसवलं होतं. आणि त्याच्यासमोर, चिखलातल्यासारखी संथ, एकटी 'आई'.

"बघ," सासूबाई म्हणाल्या. आवाज रागाचा नव्हता. "मला वाचवायला सगळ्यांना घालवलंस. आता मी एकटी राहून काय करू?"

भाऊजींनी वही उघडली, मिटली, आणि बोटांवर काहीतरी मोजलं. "अजून आहे," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "घुबड चपळ आहे, आधी तेच मारणार. पण 'आई' तो मार सोसते, थोडी उरते. आणि मग तिचा एक तडाखा बसला की घुबड संपलं. नक्की संपलं. फक्त त्याचा घाव वर्मी लागायला नको."

"लागायची शक्यता किती?"

भाऊजी वहीचा कोपरा दुमडत बसले.

"किती रे?"

"शंभरात चार."

त्यांचा अंगठा बटणावर होता आणि दाबत नव्हता. सासूबाईंनी चष्मा नाकावर वर सरकवला. "कुठलं बटण?"

"हे. पण आई..."

सासूबाईंनीच दाबलं.

घुबडाने पंख उघडले. पडदा एकदा लखलखला, आणि अक्षरं उमटली. मला ती दिसली नाहीत. माझ्या लेकीने तोंडावर हात ठेवला तो दिसला. वर्मी घाव. 'आई'ची हिरवी रेघ होती तिथून थेट संपली, आणि यंत्रातून समोरच्याच्या विजयाचं टिंगटिंग सुरू झालं. चौदा महिने झाले होते. माझा नवरा उगाचच उठून पिशवीची चेन लावायला गेला, ती आधीच लावलेली होती. भाऊजींचा चेहरा डॉक्टरीणबाईंच्या खोलीत झाला होता तसा झाला.

सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"झालं?"

"झालं."

"चार आले?"

"आले."

"बरं झालं. इथेच येऊन गेले. आता उद्या नाहीत."

"तसं नसतं, आई," भाऊजी म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, पण चुकीचं गणित त्यांना तशातही सोसवेना. "दर वेळी शंभर नवे असतात. उद्याचे चार उद्या असतातच."

"असतील. मला तुझ्याएवढं गणित येत नाही, म्हणून मला झोप लागते." त्यांनी भाऊजींच्या खांद्यावर हात टेकला आणि त्या आधाराने उभ्या राहिल्या. "ऊठ, चहा टाक. दवाखान्यात पाणीसुद्धा द्यायचे नाहीत मला."

भाऊजींनी चहा टाकला. साखर विसरले. आम्ही सगळे मुकाट्याने प्यायलो, सासूबाई सोडून. त्या म्हणाल्या, "मेल्या माणसाला काय असाच चहा देतात?" आणि मग भाऊजी हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

सोमवारी सकाळी आदल्या दिवशी मेलेले आम्ही सगळे दवाखान्याच्या बाकावर ओळीने बसलो होतो. मी, माझा नवरा, पहिल्या गाडीने आलेली नणंद. मालक तासभर दुकान बंद ठेवून आले होते, हातात फळांची पिशवी. थोड्या वेळाने गुहेत गेलेली मावशीही थर्मास घेऊन आली, आणि तिच्यामागून दोन्ही मामा. भाऊजींनी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा नजर फिरवली. माझी लेक त्यांच्या कानाशी लागली. "काका, अख्खी शेवटची पेटी आलीय."

पावणेअकराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. टोपी काढत म्हणाल्या, "छान झालं. शुद्धीवर येताहेत. कोणाला तरी 'दाबलंस का' असं विचारताहेत."

भाऊजी उठून उभे राहिले, बसले, परत उठले. "माझ्यासाठी आहे ते," ते म्हणाले.

बुधवारी सासूबाईंना चालायची चौकट धरून उभं केलं. चौदा पावलं चालल्या, मोजून. पलंगावर टेकल्याबरोबर पहिला प्रश्न भाऊजींना. "नवीन डाव काढलास?"

"काढला."

"ह्या वेळी पहिलं नाव तुझं. मागे लपायचं नाही."

"तेच दिलंय." भाऊजींनी डबी उघडून दाखवली. पिवळं, ओलसर पिसांचं, चोच वासलेलं काहीतरी होतं, आणि त्याच्या डोक्यावर त्यांचं घरातलं नाव, जे त्यांच्या त्रेचाळिसाव्या वर्षीही एकट्या सासूबाईच घेतात: 'पिल्लू'.

"शोभतंय," त्या म्हणाल्या. "जप हो त्याला."

गुरुवारी दुपारी मी सूप घेऊन गेले तेव्हा भाऊजी आधीच तिथे होते, डबी मिटून खिशात.

"पिल्लू कसं आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"गेलं. सकाळीच."

"अरे! कशाने?"

"पहिल्याच पुलावर. एका शाळकरी मुलीच्या उंदराने."

"चार आले?"

"नाही गं. साठ टक्के वाचण्याची आशा होती, मीच पुढे घातलं. माझीच चूक."

सासूबाईंनी थोडं सूप घेतलं. चेहऱ्यावर दुःख फारसं दिसलं नाही. "मग आता पुढे कोण आहे?"

"तू," भाऊजी म्हणाले. "आजच सापडलीस. ह्या वेळी बदक आहेस."

"बदक," त्या म्हणाल्या. चमचा वाटीत ठेवला आणि चौकट जवळ ओढली. "चला, दारापर्यंत जाऊन येऊ."

त्या दिवशी बावीस पावलं झाली.